कंपनीला पोस्टाने नोटीस : पत्ता कुठला आणि मुदत कधीपासून?

जॉबवर्कवाला
२७ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मंडळी, गाडं अडलंय. लेथ आणि मिलिंगची जॉबवर्कं करणारा मी छोटा माणूस. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने बिलापोटी दिलेला चेक परत आला. चेकवरची तारीख १५ ऑक्टोबर. बँकेचा रिटर्न मेमो ४ नोव्हेंबरला हातात पडला, कारण 'अपुरी शिल्लक'. वकिलांमार्फत १२ तारखेला नोटीस धाडली. पत्ता त्यांच्या पर्चेस ऑर्डरवरचाच दिला, म्हणजे जिथे मी माल उतरवतो तो कारखाना.

आज पाकीट परत आलं. मागच्या बाजूला निळ्या शाईत तिरकं लिहिलंय, 'सदर पत्त्यावरून सोडून गेले, सबब परत'. खाली सही आणि २४ तारीख. मागच्याच महिन्यात याच गेटवर माझा टेम्पो दीड तास उभा होता, तेव्हा कोणी कुठे गेलं नव्हतं!

आमचे वकील परगावी आहेत, सोमवारी भेटतील. तोवर झोप लागणार नाही म्हणून विचारतो. ही नोटीस पोचली असं धरतात का? की नव्याने पाठवायची? आणि नोटीस पाठवायचे ३० दिवस नक्की कधी संपतात?

---

शंकासुर
२७ नोव्हेंबर, रात्री ११:०५

घाबरू नका. नोटीस परत आली तरी कोर्ट ती बजावली असंच धरतं. वर्तमानपत्रात दहादा वाचलंय. निवांत झोपा.

---

काळाकोट
२७ नोव्हेंबर, रात्री ११:३०

शंकासुर, माफ करा, पण असं ऐकून निवांत झोपलेले पक्षकार मी बरेच पाहिलेत.

पोस्टाने पाठवलेला कागद पोचला असं गृहीत धरण्याचा आधार म्हणजे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ (वकिलांच्या बोलीत जनरल क्लॉजेस ॲक्ट) याचं कलम २७. त्यात अटी तीन : पत्ता योग्य हवा, टपालखर्च भरलेला हवा आणि पत्र रजिस्टर पोस्टाने गेलेलं हवं. या तिन्ही जुळल्या की टपालाच्या नेहमीच्या वेळेत पत्र पोचलं असं धरतात, आणि पोचलं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं समोरच्यावर जातं. सी. सी. अलावी हाजी प्रकरणात (२००७) सर्वोच्च न्यायालयाने १३८ च्या (म्हणजे चेक न वटल्याबद्दल खटल्याआधी द्यायच्या) नोटिशीलाही हेच लावलं. वर असंही म्हटलं की नोटीस मिळालीच नाही असा कांगावा करणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत. तेही न करता नोटिशीच्या नावाने रडू नये.

पण सगळी इमारत 'योग्य पत्ता' या दोन शब्दांवर उभी आहे. पाकिटावर 'घेण्यास नकार' आलं असतं तर मी आज तुम्हाला पेढे मागितले असते. 'दार बंद, सूचना दिली, मागणी नाही' असं असतं तरी चाललं असतं. 'सोडून गेले' हा त्यातला सर्वांत वाईट शेरा. समोरचा वकील पहिल्याच उलटतपासात विचारेल, 'कंपनी तिथे नाही हे पोस्टमनने लिहून दिलंय, मग नोटीस पोचली कशी म्हणता?' आता पोस्टमनला साक्षीला बोलवा, आणि तो गेटवरच्या वॉचमनने जे सांगितलं तेच सांगणार.

तेव्हा सोमवारची वाट पाहू नका. वकिलांना उद्या फोन करा, नोटिशीचा मसुदा तयारच आहे. त्यांच्या ऑफिसातून तारीख बदलून, सही घेऊन नव्याने पाठवा, आणि या वेळी कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावर. कंपनी कायदा, २०१३ चं कलम २० सांगतं की कंपनीवर कागद बजावायचा तर तो नोंदणीकृत कार्यालयावर रजिस्टर पोस्ट, स्पीड पोस्ट किंवा कुरिअरने पाठवावा, तिथे नेऊन द्यावा किंवा ठरवून दिलेल्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवावा. कारखान्यावर पाठवलेली नोटीस बादच असते असं नाही. त्यांनी घेतली असती तर प्रश्न मिटला होता. त्यांनी ती घेतली नाही, म्हणून हे सगळं.

३० दिवसांचं म्हणाल तर मेमो मिळाला तो ४ नोव्हेंबर सोडायचा. पाच तारीख पहिला दिवस, ४ डिसेंबर तिसावा. या मुदतीत नोटीस रवाना व्हायला हवी, समोरच्याच्या हातात पडायला हवी असं नाही. के. भास्करन प्रकरणात (१९९९) नोटीस 'देणं' आणि 'मिळणं' यांतला फरक न्यायालयाने नीट सांगितला आहे. तरी ४ तारखेला संध्याकाळी पोस्टात धावत जाणाऱ्यांपैकी तुम्ही होऊ नका.

आणि हो, परत आलेलं पाकीट फोडलं नाहीत ना?

---

जॉबवर्कवाला
२७ नोव्हेंबर, रात्री ११:४२

फोडलं. आतली प्रत परत वापरता येईल म्हणून.

---

काळाकोट
२७ नोव्हेंबर, रात्री ११:४४

अरे देवा.

परत आलेलं पाकीट जसंच्या तसं बंद ठेवायचं असतं. ते कोर्टात दाखल करायचं आणि वेळ आली तर तिथेच सगळ्यांसमोर उघडायचं. 'आत कोरे कागद होते' या बचावावर बंद पाकिटासारखं औषध नाही. आता जे झालं ते झालं. पाकिटाचा एक कपटाही टाकू नका.

---

खाकी_थैली
२८ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

३४ वर्षं टपाल खात्यात काढली, त्यातली निम्मी बीटवर, म्हणून थोडं आमच्या बाजूने.

वॉचमनचा किस्सा अगदी ओळखीचा. औद्योगिक वसाहतीत पोस्टमन गेटच्या आत जात नाही, जाऊ देतच नाहीत. वकिलाचं नाव छापलेलं लांब पाकीट दिसलं की वॉचमन आत फोन लावतो आणि आतून निरोप येतो, 'सांग, इथे नाहीत'. वॉचमनच्या तोंडून 'घेत नाही' असा शब्द आला तर पोस्टमन नकार लिहील. तो 'इथे नाहीत' म्हणाला तर 'सोडून गेले' लिहील. शेरा त्या एका वाक्यावर ठरतो. पोस्टमनने शहानिशा करावी हे खरं, पण दिवसाची थैली मोठी असते. 'दार बंद' असेल तर चिठ्ठी टाकून पत्र सात दिवस पोस्टात ठेवतात, मग परत.

दुसरी गोष्ट, आता जुनी रजिस्टर एडी (पोचपावतीसह रजिस्टर पोस्ट) वेगळी राहिलेली नाही. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. स्पीड पोस्ट करताना 'रजिस्ट्रेशन' ही जादा सेवा मागून घ्यायची, त्याचे पाच रुपये आणि वर जीएसटी. मग पत्र फक्त नाव असलेल्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच देतात. मागितलं नाही तर खिडकीवरचा माणूस साधं स्पीड पोस्ट करून मोकळा होतो, त्याच्या मागे रांग असते. पोचपावतीही तेव्हाच सांगून घ्यायची.

पावतीवर तीन गोष्टी तिथेच उभं राहून वाचा : कंपनीचं नाव, पिनकोड आणि वजन.

---

शंकासुर
२८ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

वजन कशाला? आपण काय रद्दी विकतोय?

---

खाकी_थैली
२८ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

कोरे कागद होते म्हणणाऱ्यासाठी. ८० जीएसएमच्या एका ए-फोर कागदाचं वजन साधारण ५ ग्रॅम. चार पानी नोटीस, चेकची आणि मेमोची झेरॉक्स, लांब पाकीट असं सगळं धरलं की पावतीवर ३५-४० ग्रॅम दिसायला हवं. 'आत एकच कोरा कागद होता' म्हणणाऱ्याला पावतीवरचा हा आकडा अडवतो. आमच्या भागातले एक जुने वकील पाकिटाच्या कोपऱ्यात नोटिशीची तारीख, पानं किती आणि विषय असं लाल पेनाने लिहायचे. तेव्हा हसायचो, नंतर कळलं.

आणखी एक. पावती बऱ्याचदा थर्मल कागदाची असते. पाकिटात घडी करून ठेवलीत तर पावसाळ्यापर्यंत कोरी होईल. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. ट्रॅकिंगचं पानही पत्र पोचल्याबरोबर छापून ठेवा, साइटवर ते जन्मभर राहत नाही.

---

काळाकोट
२८ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

काकांना दंडवत. वजनाचा मुद्दा मी स्वतः एका प्रकरणात वापरलाय.

ट्रॅकिंगच्या छापील पानाला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं (जुनं ६५-ब). नाहीतर ते पुरावा म्हणून लागताना कुरकुर होते.

रजिस्टर की स्पीड यावर आणखी थोडं. कंपनी कायद्याच्या कलम २० मध्ये स्पीड पोस्टाचं नाव स्वच्छ लिहिलंय, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम ९ मध्येही आहे. जनरल क्लॉजेस ॲक्ट मात्र १८९७ चा, त्यात फक्त 'रजिस्टर पोस्ट'. त्या शब्दावर कोणी अडून बसू नये म्हणून पाच रुपयांचं रजिस्ट्रेशन घ्यायचंच. हजारोंची कोर्ट फी भरणारे इथे पाच रुपये वाचवतात हे पाहिलं की हसू येतं.

आणि कृपा करून कोणी यूपीसी (पत्र पोस्टात टाकल्याचं नुसतं प्रमाणपत्र) सुचवू नका. ती सेवा पोस्टाने २०११ मध्येच बंद केली. अजूनही नोटिशीच्या मसुद्यात 'आर.पी.ए.डी. व यू.पी.सी. द्वारे' असा मथळा उतरवणारे आहेत.

---

आवकजावक
२८ नोव्हेंबर, दुपारी १:१०

मी टेबलाच्या पलीकडचा. कंपन्यांच्या सेक्रेटेरियल विभागात बरीच वर्षं काढली, म्हणून पत्ता कसा काढायचा ते सांगतो.

त्यांचं एखादं बिल, पत्र किंवा ती पर्चेस ऑर्डर घ्या. कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे लेटरहेडवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) छापणं बंधनकारक आहे. सीआयएन २१ अक्षरी असतो आणि तो वाचता येतो. पहिलं अक्षर यू म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली, एल म्हणजे असलेली. मग पाच आकडे धंद्याचे, दोन अक्षरं राज्याची, चार आकडे स्थापनेच्या वर्षाचे, पीटीसी म्हणजे प्रायव्हेट, आणि शेवटचे सहा आकडे नोंदणीचे. त्यातली राज्याची दोन अक्षरं आधी बघा. कारखाना महाराष्ट्रात आणि सीआयएनमध्ये एमएच नसेल तर नोंदणीकृत कार्यालय भलतीकडेच आहे.

नंतर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर जाऊन 'कंपनी मास्टर डेटा' काढा. फुकट आहे. पत्ता तिथे जसा लिहिलाय तसाच पाकिटावर उतरवा, अगदी 'तिसरा मजला, मागची बाजू' सकट. आपल्या अकलेने दुरुस्त्या करू नका. पत्ता बदलला तर कंपनीने ३० दिवसांत निबंधकांना कळवायचं असतं. कळवलं नसेल तर 'आम्ही तिथे नव्हतोच' हे बोलायला तिला तोंड उरत नाही. ते पान तारखेसकट छापून ठेवा.

स्टेटसही बघून घ्या. 'स्ट्राइक ऑफ' (नोंदवहीतून नाव काढलेलं) दिसलं किंवा दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू असेल तर नोटिशीचा मार्गच बदलतो, तेव्हा वकिलांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मुळात ती कंपनी आहे ना? आपल्याकडे दोन खोल्यांच्या प्रोप्रायटरी धंद्यालाही 'आमची कंपनी' म्हणतात. प्रोप्रायटरी असेल तर मालकाच्या नावाने नोटीस, भागीदारी असेल तर नियम निराळे. चेकवर छापलेलं खात्याचं नाव शब्दन् शब्द जुळवा. 'प्रायव्हेट लिमिटेड' एवढं गाळलं म्हणून वर्षभर घोळ चाललेला मी पाहिलाय.

---

जॉबवर्कवाला
२८ नोव्हेंबर, दुपारी ३:३५

आवकजावक साहेब, तुमच्या पाया पडतो. पीओ काढून बघितली. तळाला मुंगीएवढ्या अक्षरात सीआयएन आहे आणि राज्याची अक्षरं 'डीएल'! चार वर्षं या कंपनीचं काम करतोय, ती दिल्लीत नोंदलेली आहे हे आज कळलं. मास्टर डेटात दिल्लीचा पत्ता, स्टेटस 'ॲक्टिव्ह'.

वकिलांशी बोललो. त्यांच्या ज्युनियरने नवी नोटीस तयार केली, साहेबांनी सही करून स्कॅन पाठवला...

---

काळाकोट
२८ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

थांबा! स्कॅन केलेली सही लावून पाठवू नका. ज्युनियरचंही वकीलपत्र आहे ना? मग त्याच्याच सहीने जाऊ द्या. पुढे उलटतपासात 'तुम्ही त्या दिवशी परगावी होतात, मग सही कुणाची?' हा प्रश्न कशाला ओढवून घ्यायचा?

---

जॉबवर्कवाला
२८ नोव्हेंबर, सायंकाळी ५:२०

ज्युनियरच्या सहीने गेली. एकूण चार पाकिटं : दिल्लीचा नोंदणीकृत पत्ता, पुन्हा एकदा कारखाना, आणि दोन संचालकांची घरं. सगळ्यांवर रजिस्ट्रेशन आणि पोचपावती. पावतीवर वजन ३८ ग्रॅम. खिडकीवरच्या बाईंना म्हटलं, 'वजन बरोबर आलंय ना?' त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू.

संचालकांना वेगळी नोटीस लागते का हो?

---

काळाकोट
२८ नोव्हेंबर, सायंकाळी ६:०५

लागत नाही. कृष्णा टेक्सपोर्ट प्रकरणात (२०१५) ते स्पष्ट झालंय. कंपनीला दिलेली नोटीस पुरते. पाठवलीत ते उत्तमच, घरी पाकीट गेलं की घरातले विचारतात आणि त्याने कधीकधी कायद्यापेक्षा लवकर काम होतं. तक्रारीत मात्र कंपनीला आरोपी करायला विसरू नका. नुसत्या संचालकांवर खटला टिकत नाही, अनिता हाडा (२०१२) बघा.

समजा ४ डिसेंबर हुकली असती तरी सगळं संपलं नसतं. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने, म्हणजे तुमचा चेक जानेवारीच्या मध्यापर्यंत पुन्हा बँकेत टाकता आला असता. पुन्हा परत आला की नवा मेमो आणि नवे ३० दिवस. एमएसआर लेदर्स (२०१२) पासून हे चालतं. लोकांना ही वाट माहीतच नसते आणि ते 'मुदत गेली' म्हणून चेक फाडून टाकतात. विलंबमाफीची सोय आहे ती तक्रार दाखल करण्याच्या मुदतीसाठी. नोटिशीच्या ३० दिवसांना ती लागू नाही.

---

नवशिक्या
२९ नोव्हेंबर, सकाळी १०:००

धागा छान चाललाय, वाचनखूण साठवली. माझं प्रकरण ग्राहक आयोगात आहे. विरुद्ध पक्ष मोठी कंपनी. आयोगाची नोटीस त्यांना मिळाल्याची पोच आहे, तरी दोन तारखा झाल्या, 'जबाबाला वेळ द्या' चाललंय. किती दिवस देतात?

---

काळाकोट
२९ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

३० दिवस, आणि आयोगाने ठरवलं तर वर १५. पंचेचाळीसच्या पुढे आयोगालाही अधिकार नाही. न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज, ४ मार्च २०२०, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. मात्र मेख लक्षात ठेवा : घड्याळ सुरू होतं ते नोटिशीबरोबर तक्रारीची प्रतही मिळाल्यावर. नुसती नोटीस गेली आणि प्रत गेली नसेल तर कंपनी तेच तोंडावर मारते. पोस्टाची पावती बघा, वजन किती आहे? (काका हसत असतील.)

दिवाणी कोर्टात लेखी जबाबाला ३० दिवस, वाढवून ९०, पण साध्या दाव्यात कोर्ट कारण पाहून पुढेही सूट देतं. व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर जबाब घेतच नाहीत, एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स (२०१९). तिथे समन्स कंपनीत कोणत्या तारखेला आलं याला सोन्याचा भाव.

---

आवकजावक
२९ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

त्या सोन्याच्या भावाचीच गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव विचारू नका. नोंदणीकृत कार्यालय एका ठिकाणी, माणसं सगळी दुसरीकडे. नोंदणीकृत पत्त्यावर एक शिपाई आणि एक रबरी शिक्का. कोर्टाचं समन्स आलं, शिपायाने शिक्का मारून सही केली आणि पाकीट खणात ठेवलं, कारण मुख्य ऑफिसची डाक शुक्रवारी जायची. त्या शुक्रवारी सुट्टी. पुढच्या शुक्रवारी गेलं ते अकाउंट्सला, कारण पाकिटावर 'रक्कम वसुली' असं दिसत होतं. अकाउंट्सने ते विक्री विभागाला दिलं. माझ्या टेबलावर आलं तेव्हा पाकीट गायब, नुसते आतले कागद, वर कोणीतरी पेन्सिलने लिहिलेलं, 'कृपया पाहावे'. तारीख कुठेच नाही. पोस्टात जाऊन डिलिव्हरीची तारीख काढली तेव्हा ४१ दिवस उलटून गेले होते, आणि हुकूम एकतर्फी चालवण्याचा.

रद्द करून घेतलं, खर्च भरून. वकिलांना मी आधी म्हटलं होतं की शिपायाला अधिकार नव्हता असं सांगू. त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २९ नियम २ माझ्यासमोर ठेवला : सचिव, संचालक किंवा मुख्य अधिकाऱ्यावर बजावणी, *किंवा* नोंदणीकृत कार्यालयात ठेवून वा तिथे पोस्टाने पाठवून. त्या 'किंवा'मध्ये आमचा शिपाई बसला.

तेव्हापासून नियम केला : पाकीट कागदांना स्टेपल केल्याशिवाय आवक नोंदवही पुढे सरकायची नाही, आणि कोर्ट, आयोग वा वकील हे शब्द दिसले की त्याच दिवशी फोटो काढून पाठवायचा. शुक्रवारची डाक गेली खड्ड्यात.

---

परदेशस्थ
२९ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

अवांतर : इथे इंग्लंडमध्येही कंपनीला कागद नोंदणीकृत पत्त्यावर पोस्टाने पाठवला की चालतं (कंपनी कायदा, २००६, कलम ११३९). गंमत अशी की दावा फर्स्ट क्लासने पोस्टात टाकला की दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी तो बजावला असंच मानतात, खरा कधी पोचला याला महत्त्व नाही. पोचपावती, शेरा, वॉचमन काही नाही.

---

शंकासुर
२९ नोव्हेंबर, दुपारी ३:५०

म्हणजे तिथे वॉचमनची नोकरी धोक्यात.

बरं, वकीलसाहेब, एक खरी शंका. नोटीस मिळाल्यावर १५ दिवस, मग तक्रारीला महिना. तो महिना म्हणजे ३० दिवस का? आणि मधला एक दिवस कुठे जातो ते मला कधीच जमलेलं नाही.

---

काळाकोट
२९ नोव्हेंबर, सायंकाळी ५:३०

आज शंकासुराने शंका काढली आणि ती रास्त निघाली, नोंद घ्यावी.

महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, ३० दिवस नव्हे. साकेत इंडिया प्रकरणातल्या (१९९९) खऱ्या तारखांनीच सांगतो, त्या एकदा वहीत उतरवल्या की विसरत नाही. नोटीस मिळाली २९ सप्टेंबर १९९५. तो दिवस सोडायचा. १५ दिवस भरले १४ ऑक्टोबरला. पैसे आले नाहीत म्हणून तक्रारीचं कारण जन्माला आलं १५ ऑक्टोबरला. हा दिवसही सोडायचा. महिना मोजायचा १६ पासून, संपतो १५ नोव्हेंबरला. तक्रार बरोबर १५ नोव्हेंबरला दाखल झाली होती आणि न्यायालयाने ती मुदतीत धरली. नंतर या मोजणीवर शंका घेतली गेली, पण २०१३ मध्ये इकॉन अंत्री प्रकरणात तीच कायम झाली.

आणि घाईही नको. १५ दिवस पुरे व्हायच्या आत दाखल केलेली तक्रार टिकत नाही, योगेंद्र प्रताप सिंग (२०१४).

---

गल्लीतला_कायदेपंडित
२९ नोव्हेंबर, रात्री ९:००

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

जॉबवर्कवाला
४ डिसेंबर, रात्री ८:१०

धागा वर काढतोय. दिल्लीचं पाकीट २ डिसेंबरला पोचलं, ट्रॅकिंगचं पान छापून ठेवलं. काल दिल्लीहून फोन आला. तो पत्ता निघाला त्यांच्या सीएच्या ऑफिसचा! तिथला मुलगा म्हणतो, 'आमच्याकडे तुमचं पाकीट आलंय, सही करून घेतलं, पण ही कंपनी इथे बसत नाही, ते कुणाला पाठवू?' मी म्हटलं, बाबा रे, ते तू तुझ्या साहेबांना विचार.

ही बजावणी धरतील ना? सीएचं ऑफिस म्हणजे कंपनी नव्हे, असं म्हणाले तर?

---

आवकजावक
४ डिसेंबर, रात्री ८:३५

खुशाल म्हणू देत. कंपनीनेच तो पत्ता सरकारदरबारी नोंदवलाय. टपाल घेऊन पोच देऊ शकेल असं नोंदणीकृत कार्यालय ठेवणं ही तिचीच कायदेशीर जबाबदारी. निम्म्या छोट्या कंपन्यांचं नोंदणीकृत कार्यालय सीएच्या कपाटातच असतं. त्या मुलाचा फोन कोणत्या नंबरवरून, किती वाजता आला ते लिहून ठेवा.

---

शंकासुर
४ डिसेंबर, रात्री ९:०२

मी मोजतो, मी मोजतो! मिळाली २ डिसेंबरला. १५ दिवस १७ ला पूर्ण. कारण जन्मलं १८ डिसेंबरला. महिना संपतो १८ जानेवारीला. आणि १८ जानेवारी २०२६ ला... रविवार. म्हणजे १९ ला चालेल?

---

काळाकोट
४ डिसेंबर, रात्री ९:४०

पूर्ण मार्क. कोर्ट बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं मुदतीत धरतात, तेव्हा कायद्याने १९ चालेल. पण ही सवलत कोर्टात किंवा कचेरीत करायच्या कामाला. नोटीस पोस्टात टाकण्याचा शेवटचा दिवस रविवारी आला तर तिच्यावर विसंबून बसू नका, शनिवारीच टाका.

जॉबवर्कवाले, तुम्ही मात्र १९ हा आकडा विसरा. वकिलांना सांगा, १८ डिसेंबर उलटला की नाताळच्या सुट्टीआधी जमलं तर बघा, नाहीतर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात.

---

जॉबवर्कवाला
९ डिसेंबर, दुपारी २:२५

ताजी खबर. एका संचालकाच्या घरून पाकीट परत आलं. शेरा : 'घेण्यास नकार'. काळेकोट साहेब, पेढे माझ्याकडे लागले.

आणि कारखान्याचं पाकीट? त्याची पोचपावती सहीसकट आली. जिथून ते 'सोडून गेले' होते, त्याच गेटवर. सही वॉचमनची आहे आणि खाली कंपनीचा गोल शिक्का.

परत आलेलं पाकीट या वेळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलंय. घरात सगळ्यांना सांगून झालं की हात लावायचा नाही. तरी धाकटा सकाळपासून विचारतोय, बाबा, आत काय आहे?